टर्किश कोफ्ते पफमध्ये घातले की खालून ओले का राहतात, आणि मग करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: मटणाचा खिमा आणून टर्किश पद्धतीचे कोफ्ते वळले, सुपरमार्केटमधली फ्रोझन पफ पेस्ट्री आणली, चौकोनी तुकड्यावर कच्चाच कोफ्ता ठेवून चारही टोकं वर आणून चिकटवली आणि ओटीजीत 180 ला 25 मिनिटं ठेवलं. वरून रंग छान आला पण बूड चिकट, ट्रेमध्ये तेलपाणी जमलेलं, आणि कोफ्ता चावताना रबरासारखा. वर दोन उपप्रश्न, घरात एकजण अंडं खात नाही त्याचं काय आणि मुंबईच्या उकाड्यात पफ हाताळायचा कसा.

एका ओळीत उत्तर द्यायचं तर कोफ्ता आधी तव्यावर पूर्ण शिजवा, पूर्ण गार करा, आणि मगच पफमध्ये घाला. बाकी सगळं यातूनच निघतं पण कारण कळलं की पुढच्या वेळी रेसिपी बघायची गरज पडत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पफ फुलतो तो वाफेवर. त्यात यीस्ट नाही, सोडा नाही, फक्त मैद्याचा पापुद्रा, मग बटरचा थर, परत पापुद्रा असं चालू असतं. ओव्हनची आच लागली की बटर वितळतं, बटरमधल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि ती प्रत्येक पापुद्र्याला वर ढकलते. पद्धतशीर फ्रेंच पफला तीन पदरी घडी सहा वेळा घालतात, म्हणजे बटरचे 729 थर होतात, आणि हे सगळे थर सुटे राहिले तरच मजा आहे. आता याच्या उरावर तुम्ही कच्च्या खिम्याचा गोळा ठेवलात. खिमा शिजताना स्वतःच्या वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा सहज सोडतो, पाणी आणि चरबी मिळून. हे सगळं जाणार कुठे, खालच्या थरात. तिथला मैदा ते पाणी पिऊन शिजतो आणि त्याची चक्क उकड होते, मग वाफ कितीही येऊ दे, तो थर उचलला जात नाही. आणि 180 ला ही सगळी प्रक्रिया सावकाश होते, म्हणजे बटर आधी वितळून ट्रेमध्ये वाहून जातं आणि पापुद्रा नंतर कधीतरी भाजला जातो. ट्रेमध्ये दिसलेलं तेल निम्मं तुमच्या पफमधलंच बटर होतं.

तुर्कस्तानात हा पदार्थ मुळात घरगुती आणि पाहुण्यांसाठीचा आहे. बोरेक म्हणजे पापुद्र्यात सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि खरं जुनं बोरेक यूफ्काचं, म्हणजे हाताने लाटलेल्या पातळ पोळ्यांचं. पफला तिकडे मिल्फॉय म्हणतात, तो फ्रेंच बेकिंगमधून आलेला, आणि आता प्रत्येक सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये चौकोनी तुकडे कापलेली पाकिटं मिळतात. तालाश बोरेक नावाचा एक प्रकार साध्या दुपारच्या खानावळींमध्ये दिसतो, त्यात मटणाचे बारीक तुकडे, मटार, गाजर असं पफमध्ये बांधून भाजतात. तिथेही मटण आधी नीट शिजवून, रस आटवून मगच भरतात, कच्चं कोणी भरत नाही. घरी कोफ्ते घालून करायची पद्धत याचीच धाकटी बहीण समजा. मी इस्तंबूलला राहत असताना हे सगळ्यात जास्त खाल्लं ते बायकांच्या ‘आल्तन ग्युनू’ला, म्हणजे सोन्याच्या भिशीला. आपल्या भिशीसारखंच, फक्त पैशाऐवजी दर महिन्याला एकीला सगळ्यांकडून सोन्याचं नाणं, आणि जिच्या घरी जमायचं तिच्यावर खाण्याचा भार. मिल्फॉय तिथे लाडका, कारण मेहनत कमी आणि ताट भरल्यासारखं दिसतं.

आता कोफ्ता. आपल्या ग्रेव्हीतल्या कोफ्त्याशी याची गल्लत नको, हा चपटा, लांबट, मसाल्याला मागे ठेवून मटणाला पुढे ठेवणारा प्रकार आहे. बुर्सा प्रांतातल्या इनेग्योलचे कोफ्ते प्रसिद्ध आहेत, बाल्कनमधून आलेल्या स्थलांतरितांनी तिथे रुजवलेले, आणि त्यात बीफ आणि मेंढीचा खिमा, कांदा, मीठ आणि सोडा एवढंच, मसाला जवळजवळ नाहीच. घरोघरी जो करतात त्यात शिळा पाव, कांदा, पार्स्ली, जिरेपूड, मिरपूड, क्वचित लसूण आणि अंडं येतं. पफसाठी हा घरचा प्रकार बरा, कारण त्यातला पाव रस धरून ठेवतो. आलं-लसूण पेस्ट, गरम मसाला, हिरवी मिरची, कोथिंबीर घातलीत की ते बेकरीतलं खिमा पॅटिस होतं. ते मलाही प्रिय आहे पण विचारलंय टर्किश, तर हात आवरा.

अर्धा किलो खिम्याचं माप देते. मटण म्हणजे आपल्याकडे बोकडाचं, आणि बोकड मुळात कमी चरबीचा, नुसत्या रानेचा, म्हणजे मागच्या मांडीचा, खिमा घेतलात तर रबर होणारच, तुमचा तोच प्रकार झालेला दिसतो. खाटकाला सांगा खांद्याचा आणि छातीचा भाग घ्या, शंभर ग्रॅम चरबी यातच धरा आणि दोनदा मशीनमधून काढा. तिकडे यासाठी मेंढीच्या शेपटीची चरबी वापरतात, ती आपल्याकडे सहसा मिळत नाही, साधी चरबी चालते. मेंढीचं मिळालं तर उत्तम, ते तिथल्या चवीच्या जास्त जवळ जातं. बीफबद्दल विचाराल तर महाराष्ट्रात 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशीचं मिळतं, तो खिमा जरा कोरडा असतो तर चरबीचं प्रमाण तसंच ठेवा. चिकन करायचं तर ब्रेस्ट नको, लेग-थायचा खिमा घ्या.

एक मध्यम कांदा बारीक किसून मुठीत घट्ट पिळून घ्यायचा, पाणी टाकून द्या (तव्यावरच्या कोफ्त्यात ते पाणी घालणारे आहेत, पफसाठी नको). शिळ्या लादीपावाचा चुरा साधारण 40 ग्रॅम, कोरडाच, दुधात भिजवायचा नाही. पार्स्ली मूठभर, एकदम बारीक. जिरेपूड एक टीस्पून, न भाजलेल्या जिऱ्याची ताजी केलेली, भाजलेल्या जिऱ्याची चव वेगळ्याच दिशेला जाते. मिरपूड अर्धा टीस्पून. तिकडची पुल बिबेर, म्हणजे भरड लाल मिरची, मिळाली तर एक टीस्पून, नाहीतर ब्याडगी मिरची बिया काढून भरड कुटून घ्या, तिखटापेक्षा रंग आणि वास हवाय. मीठ सव्वा टीस्पून, त्याहून जास्त नको कारण पफमध्येही मीठ असतं. खायचा सोडा पाव टीस्पून. सोड्यामुळे मांस पाणी जास्त धरून ठेवतं आणि तव्यावर रंगही लवकर येतो, पण पाव टीस्पूनच्या वर गेलात तर साबणाची चव लागते. अंडं घरात नको असेल तर कोफ्त्यात नाही घातलं तरी काही बिघडत नाही, बांधायचं काम मीठ आणि मळणं करतं.

मळणं मात्र मनापासून. मीठ घालून खिमा मळला की मांसातलं प्रोटीन सुटून चिकट होतं आणि तेच सगळं धरून ठेवतं. सात-आठ मिनिटं, परातीत तळहाताच्या मुळाने दाबत, पोळीची कणीक तिंबतो तसं. खिमा गार असताना मळा, हाताच्या उबेने चरबी वितळायला लागली की थांबून पाच मिनिटं फ्रिजमध्ये. झालं का ते असं बघायचं की लिंबाएवढा गोळा तळहाताला चिकटवून हात उलटा करायचा, पडला नाही म्हणजे झालं. मग झाकून फ्रिजमध्ये निदान दोन तास, रात्रभर ठेवलात तर अजून चांगलं. बाहेर काढल्यावर चिमूटभर तव्यावर भाजून चव बघा, मीठ इथे दुरुस्त करता येतं, पफमध्ये गेल्यावर नाही.

40 ग्रॅमचे चपटे लांबट कोफ्ते करा, जाडी दीड सेंटिमीटरच्या आसपास, अर्धा किलोत पंधराएक होतात. लोखंडी तवा चांगला तापवून, जेमतेम तेल लावून, दोन्ही बाजूंनी खरपूस आणि आतून पूर्ण शिजेपर्यंत. काहीजण सांगतात की वरून नुसता रंग आणा, बाकी ओव्हनमध्ये शिजेल. खिम्याच्या बाबतीत मी हे करत नाही. खिमा अर्धकच्चा करून गार व्हायला ठेवणं म्हणजे जंतूंना आमंत्रण, आतलं तापमान एकदा 71 अंशाला गेलेलंच हवं (चिकन असेल तर 74). आणि परत बेक केल्यावर कोरडे होतील ही भीती नको, चरबी, पाव आणि सोडा यासाठीच घातलेत, शिवाय पफच्या आत कोफ्त्याला थेट आच लागत नाही.

तव्यावरून काढले की जाळीवर ठेवा, ताटात नको, ताटात ते आपल्याच रसात बसतात. दहा मिनिटांत जाळीखाली तेलपाण्याचं तळं दिसेल, हेच ते जे तुमच्या पफच्या बुडात गेलं होतं. वाफ गेली की फ्रिजमध्ये. कोमट कोफ्तासुद्धा पफवर ठेवायचा नाही. बटर 32-35 अंशाला वितळतं आणि ओव्हनमध्ये जायच्या आधीच थर एकमेकांत मिसळले की खेळ संपला.

तव्यात जे खरपूस चिकटून राहिलंय ते धुऊन टाकू नका. त्यात एक चमचा टोमॅटो पेस्ट, थोडा किसलेला टोमॅटो आणि चिमूटभर लाल मिरची घालून सुक्या चटणीसारखं होईपर्यंत आटवा. तिकडे सालचा वापरतात, उन्हात आटवलेली टोमॅटोची किंवा लाल मिरचीची पेस्ट. आपल्याकडची पातळ प्युरी नुसती ओतू नका, आटवूनच घ्या, चमचा उलटा केला तर पडता कामा नये.

आता कोफ्ता आणि पफ यांच्यामध्ये काहीतरी हवं जे उरलेला रस पिईल. तिकडे खूप घरांत बटाट्याचं प्युरे घालतात आणि मला तोच मार्ग पटतो. दोन बटाटे उकडून, गरम असतानाच किसून, कढईत दोन मिनिटं नुसतेच परतून पाणी उडवा, मग बटर, मीठ, चिमूटभर मिरपूड. दूध नको. हाताने वळता येईल इतकं घट्ट पाहिजे. यातला एक चमचा पफच्या मध्यभागी, कडेला दोन सेंटिमीटर सोडून पसरायचा, त्यावर आटवलेल्या टोमॅटोचा हलका हात, त्यावर कोफ्ता, त्यावर चीज. काशार नावाचं तिकडचं निमकठीण चीज असतं, ते न मिळाल्यास पिझ्झावरचं मोझरेला किसून चालतं, पाण्यातलं ताजं मोझरेला अजिबात नाही. टोमॅटोची चकती ठेवायची हौस असेल तर बिया आणि गर काढून, मीठ लावून, टिश्यूने टिपून. व्हाइट सॉस घालणारेही आहेत, त्याला माझा विरोध नाही, पण एक कप दुधाला तीन टेबलस्पून मैदा या हिशोबाने घट्ट करा आणि गार झाल्यावर घाला.

पाकीट विकत घेताना मागचं वाचा, बटर आहे की वनस्पती तूप-मार्जरिन. मार्जरिनचा पफ उकाड्यात हाताळायला सोपा, फुलतोही जोरात, पण टाळूला मेण चिकटल्यासारखं वाटतं. बटरचा नाजूक आणि चवीला फार वरचा. ओळखीचा बेकरीवाला असेल तर तो खारीचा कच्चा पफ लाटून देईल का विचारून बघा, शेवटी खारी म्हणजे पफच, फक्त खारीसाठीचा पफ बहुतेक मार्जरिनचा असतो आणि जाड, तो तीन मिलिमीटरपर्यंत लाटून घ्या. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांना काळजीच नाही, कोपऱ्यावरच्या टर्किश दुकानात मिल्फॉय, काशार, पुल बिबेर, सालचा सगळं एका फेरीत मिळतं. घरी करायचा असेल तर 250 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम फ्रीझरमधलं कडक बटर जाड किसणीवर किसून, एक टीस्पून लिंबाचा रस आणि साधारण 110-120 मिली बर्फाचं पाणी, कणीक न मळता नुसती गोळा करायची, लाटायची आणि तीन पदरी घडी चार वेळा, दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रिज. अमूलचं नेहमीचं बटर खारट असतं, वेगळं मीठ घालू नका. मे महिन्यात मात्र मी हा उद्योग एसी नसलेल्या किचनमध्ये सुचवणार नाही.

उकाड्याचं उत्तर असं. फ्रोझन पफ ओट्यावर विरघळवू नका, आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या फ्रिजमध्ये ठेवा. एका वेळी दोन-तीन चौकोनच बाहेर काढा, बाकीचे आत. धारदार सुरीने वरून सरळ दाबून कापा, सुरी ओढत नेली की कडेचे थर चिकटतात. कापलेली कड डोळ्यांजवळ धरून बघा, वहीच्या पानांसारख्या बारीक रेघा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. रेघा पुसल्यासारख्या झाल्या असतील तर पफ गरम झालाय, लगेच फ्रीझरमध्ये दहा मिनिटं. भरून झाल्यावर सगळा ट्रे परत फ्रीझरमध्ये वीस मिनिटं, ही पायरी टाळायची नाही.

आकाराचं म्हणाल तर बंद पाकिटापेक्षा उघडा प्रकार मला जास्त आवडतो, म्हणजे चारही टोकं अर्ध्यावर आणून दुमडायची, मधे कोफ्ता आणि चीज दिसत राहतं आणि वाफ मोकळी निघून जाते. बंदच करायचं असेल तर कडांना पाण्याचं बोट लावून चिकटवा आणि वर सुरीच्या टोकाने एक छिद्र पाडा. वरून अंड्याचा बलक लावतात तो रंगासाठी. अंडं नको असेल तर दोन चमचे दुधात एक चमचा साय आणि चिमूटभर साखर, रंग थोडा फिका येतो पण येतो. बलक असो की दूध, कापलेल्या कडांवर ओघळू द्यायचं नाही, नाहीतर ते थरांना डिंकासारखं धरून ठेवतं आणि त्या बाजूने पफ वाकडा फुलतो. मग कलौंजी आणि तीळ, कलौंजी असेल तर बघताक्षणी तिकडचं वाटतं.

ओटीजी. आतल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, वीस-तीस अंश इकडेतिकडे असणं नेहमीचं, एक साधा ओव्हन थर्मामीटर आणाच. वरखाली दोन्ही रॉड चालू, 210 ला वीस मिनिटं प्रीहीट, आणि त्यातच मेटलचा ट्रे रिकामा तापत ठेवायचा, काचेचा नको. पफ बटर पेपरवर तयार ठेवा आणि पेपरसकट गरम ट्रेवर सरकवा, ट्रे खालच्या खाचेत. थंडगार पफचं बूड गरम पत्र्यावर पडलं की खालचा थर लगेच धरतो, तुमच्या चिकट बुडाचं निम्मं औषध हेच आहे. दार लावल्यावर 200 करा आणि पहिली पंधरा मिनिटं दार उघडू नका. नंतर 180 ला अजून दहा ते पंधरा. वरचा रंग बघून फसू नका, तुमचं तेच झालं. उलथन्याने एक उचलून बूड बघा, ते वरच्याइतकंच तपकिरी आणि नखाने वाजवलं तर खडखडीत लागलं पाहिजे. बटर पेपरवर त्याखाली ओला डाग असेल तर अजून पाच मिनिटं, वरचा रंग पुढे गेला असेल तर फॉइल झाका. ज्यांच्याकडे कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह आहे त्यांना खालून आच कमी मिळते, त्यांनी गरम ट्रे तर ठेवायचाच आणि पाच मिनिटं जास्त धरायची.

काढल्यावर लगेच जाळीवर. पाच मिनिटं थांबून खा, चीज तोंड भाजवतं. सोबत घट्ट ताकासारखं आयरान, काकडी-टोमॅटो-कांदा-पार्स्लीची लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल घातलेली चोबान सलाता, किंवा जाजिक, म्हणजे काकडी, लसूण आणि सुका पुदिना घातलेलं पातळ दही. केचप मुलांसाठी ठेवा.

शाकाहारी करता येईल का हे कोणीतरी विचारणारच. मसूर आणि दलियाचे टर्किश कोफ्ते असतात पण ते न भाजता गारच लेट्यूसच्या पानात खातात, पफमध्ये घालून त्यांचं काही भलं होत नाही. त्याऐवजी मश्रूम बारीक चिरून पाणी पूर्ण उडेपर्यंत परता आणि त्याच बटाट्याच्या थरावर घाला.

आधी करून ठेवायचं असेल तर भरलेले, न भाजलेले पफ ट्रेवर सुटे फ्रीझ करा, कडक झाले की डब्यात भरा. वापरताना विरघळवायचे नाहीत, फ्रीझरमधून थेट 200 ला 30 ते 35 मिनिटं, बूड बघायचा नियम तोच. भाजलेले उरले तर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी 170 ला आठ-दहा मिनिटं गरम करा, पावसाळ्यात तर त्याच दिवशी संध्याकाळीसुद्धा हे लागतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेत तर कोफ्ता खाता येईल, पफ नाही.